कॅप टिकते ती खालच्या दाताच्या जोरावर



आम्ही बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या महिला बचत गटांबरोबर काम करतो. या कार्यक्रमात आम्ही एरवी बँकेच्या कागदांबद्दल बोलतो, हप्त्यांबद्दल बोलतो, मसाला आणि सुकी मासळी विकण्याबद्दल बोलतो. आज मात्र दाताबद्दल बोलायचं आहे. दाताचा आणि बचत गटाचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हीही तेच म्हणत होतो.

झालं असं, की एका गटाची महिन्याची बैठक चालू होती. वसुली झाली, वहीत सह्या-अंगठे झाले, आणि एक वहिनी पदराची गाठ सोडायला लागल्या. आम्हाला वाटलं, हप्त्याचे पैसे असतील. गाठीतून निघाले दोन पांढरे तुकडे. दाढेवर बसवलेली सिरॅमिकची कॅप, मधोमध फुटलेली. आठ महिन्यांपूर्वी याच गटातून सात हजारांचं कर्ज काढून वहिनींनी ती बसवली होती. दहा हप्त्यांपैकी दोन अजून बाकी होते. वहिनी म्हणाल्या, "कॅप तुटली, पण हप्ता काही तुटत नाही."

बैठकीत मग बराच वेळ बोलणं झालं. एक आजी म्हणाल्या, "दाताला कुठं एवढे पैसे घालायचे? उपटून टाकायचा नि मोकळं व्हायचं." कुणी म्हणालं, माल खोटा दिला असणार. कुणी म्हणालं, गटाचा पैसा बी-बियाण्याला, शेळीला, आजारपणाला. दात म्हणजे काय आजारपण आहे? तेव्हा एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी एक मुलगी म्हणाली, "ज्या बाईला एका बाजूनं चावता येत नाही, ती अर्धी भाकर खाऊन कामाला जाते. तिचं आजारपण वहीत लिहिलं जात नाही एवढंच." यावर कुणी काही बोललं नाही.

आम्ही ठरवलं, भांडायच्या आधी समजून घेऊ. आमच्यातल्या दोघी वहिनींना घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. या मॅडम कॅप-कवळी बसवण्याचं खास शिक्षण घेतलेल्या, म्हणजे एमडीएस झालेल्या. त्यांनी ते तुकडे भिंगाखाली धरले, वहिनींच्या दाढेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कॅप खोटी नव्हती. तिला बसायला जागा नव्हती."

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. कॅप किती वर्षं टिकणार, हे कॅप येण्याच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. खालचा दात कसा तयार केला, किती तासला, कुठं तासला, कोणत्या आकाराचा ठेवला, यावर ते ठरतं. म्हणून विचारायचं ते दात तासण्याच्या आधी. तासलेला दात परत वाढत नाही. आपल्या चिंचणी-वाणगावकडे दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत, त्यांच्या घरच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. कोरायचं राहिलं तर पुन्हा कोरता येतं, पण जास्त कोरलं गेलं तर ते भरून येत नाही.

आता आम्हाला जे समजलं ते तुम्हाला सांगतो. आम्ही डॉक्टर नाही. पण मॅडमनी आम्हाला जवळपास तासभर बसवून, दाताचा साचा हातात देऊन समजावलं. त्यामुळे जेवढं कळलं तेवढं नीट सांगू शकतो.

आधी दात काय असतो ते बघू. दाताच्या सगळ्यात वर एक पांढरं कवच असतं. त्याला दंतवल्क म्हणतात, डॉक्टर इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ हाच. वजनानं बघितलं तर त्यात जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं. दाढेच्या टोकांवर हे कवच दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं आणि हिरडीकडे येता येता अगदी पातळ होत जातं. त्याच्या खाली पिवळसर थर असतो, त्याला डेंटिन म्हणतात. तो कवचापेक्षा मऊ. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांत ओल असते. सगळ्यात आत नस. मुळाला मात्र इनॅमल नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅप बसवायची म्हणजे दाताच्या चारी बाजू आणि वरचा भाग थोडा थोडा तासायचा, आणि जेवढं काढलं तेवढ्याच मापाचं कवच बाहेर बनवून वर बसवायचं. पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला निम्म्याहून जास्त भाग जातो. म्हणून मॅडमचं पहिलं वाक्य हेच होतं, की प्रत्येक दाताला पूर्ण कॅप लागतेच असं नाही. दाढेच्या भिंती चांगल्या उभ्या असतील तर नुसता वरचा भाग झाकणारा सिरॅमिकचा तुकडाही बसवता येतो. त्यात दात कमी जातो. त्याला डॉक्टर ऑनले म्हणतात. रूट कॅनाल झालेल्या, बऱ्याच पोखरलेल्या दाढेला मात्र बहुतेक वेळा वरून पूर्ण आधार लागतो, नाहीतर ती दाढच चावताना उभी चिरते.

आता पहिली गोष्ट, जागा.

सिरॅमिक म्हणजे शेवटी चिनीमातीच्या जातीचीच वस्तू. दाब सहन करते, वाक सहन करत नाही. जाड असेल तर टिकते, पातळ झाली की तडकते. दाढेवरच्या सिरॅमिक कॅपला वरच्या बाजूनं साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडी मिळावी लागते. दीड मिलिमीटर म्हणजे जवळपास आपल्या रुपयाच्या नाण्याची जाडी. बाजूनं साधारण एक ते दीड मिलिमीटर. झिरकोनिया नावाचं जास्त मजबूत सिरॅमिक असतं, त्याला थोडी कमी जागा पुरते. पूर्ण धातूच्या कॅपला त्याहूनही कमी.

वहिनींच्या दाढेवर एवढी जागा नव्हती. का नव्हती, हे विचारलं तेव्हा वहिनी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं डॉक्टरांना. जास्त घासू नका म्हटलं. मशीनचा आवाज ऐकून जीव घाबरला होता." डॉक्टरांनी तिचं ऐकलं, वरून कमी तासलं. कॅप बनून आली तेव्हा तोंड मिटल्यावर ती उंच लागायला लागली. मग ती खाली करायला कॅपच वरून घासली. आधीच पातळ होती, आणखी पातळ झाली. शिवाय घासलेला भाग नीट गुळगुळीत करून दिला नाही, तर तिथूनच बारीक तडे सुरू होतात.

म्हणजे बघा, दात वाचवायला गेलो आणि कॅप गेली. आपल्याला वाटतं, कमी घासणारा डॉक्टर चांगला. तसं नसतं. जास्त घासला तर दात कमजोर होतो, नसेच्या जवळ जातो, रूट कॅनाल न केलेला दात ठणकायला लागतो. कमी घासला तर सिरॅमिकला जाडी मिळत नाही. दोन्हीकडे नुकसान आपलंच. मापात तासायचा, एवढंच खरं. माप कसं कळतं? दात तासायच्या आधीच डॉक्टर त्याचा रबरासारखा साचा घेऊन ठेवतात. तासल्यावर तोच साचा परत दातावर धरला, की मध्ये किती जागा झाली ते डोळ्यांनी दिसतं. वाटलं तर आपल्यालाही दाखवतात.

दुसरी गोष्ट, आकार.

आपल्यातल्या कितीतरी जणी शिलाई करतात. चौकोनी गळ्याच्या ब्लाउजला कोपऱ्यात चीर दिली, की पुढे कधी फाटलं तर त्या कोपऱ्यातूनच फाटतं. गोल गळ्याला तसं होत नाही. सिरॅमिकचंही तसंच आहे. खाली दातावर टोक राहिलं, कंगोरा राहिला, की चावण्याचा सगळा जोर तिथं एकवटतो आणि कॅपच्या आतल्या बाजूनं तडा सुरू होतो. बाहेरून काही दिसत नाही. आणि एक दिवस पेरूची बी चावली, की खाडकन तुकडा पडतो. आपण पेरूला दोष देतो. म्हणून तासलेल्या दाताचे सगळे कोपरे गोल, मऊ केलेले असावे लागतात.

कॅपची खालची कड जिथं दाताला टेकते तिथंही असंच. घराच्या भिंतीखाली जोतं असतं ना, तसं दाताला सगळीकडून एक बारीक जोतं ठेवावं लागतं, साधारण एक मिलिमीटर रुंदीचं आणि आतून गोलाई दिलेलं. त्यावर कॅपची कड टेकते. जोतं नसलं आणि कड सुरीच्या पात्यासारखी पातळ केली, तर धातूची कॅप ते चालवून घेते, सिरॅमिक कडेला टवके सोडते. जोतं वेडंवाकडं असलं तर कॅप आणि दात यांच्यामध्ये फट राहते. फटीत अन्न शिरतं, कीड लागते, आणि वरून कॅप पांढरीशुभ्र असताना आत दात कुजत जातो.

भिंतींचा उतारही महत्त्वाचा. स्टीलचे दोन पेले एकात एक घाला. थोडे निमुळते असतात म्हणून आत बसतात, आणि जवळजवळ सरळ असतात म्हणून घट्ट धरतात. पेल्याऐवजी नरसाळं असतं तर? आत जातं आणि तसंच उचलून येतं. दात नरसाळ्यासारखा निमुळता तासला तर कॅप सुटते. दाढ फार बुटकी राहिली तरी सुटते. दाढेला साधारण चार मिलिमीटर उंची मिळाली तर पकड चांगली राहते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हिरडीच्या वर आपला स्वतःचा चांगला दात शिल्लक हवा. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडी बसवलेली असते. ती कडी लाकडाला चारी बाजूंनी आवळून धरते म्हणून मुसळ फुटत नाही. आतलं लाकूड कुजलेलं असेल तर कडी कितीही चांगली असो, कांडताना निघून येणार. दाताचंही तेच. कॅपच्या कडेपाशी सगळ्या बाजूंनी किमान दीड ते दोन मिलिमीटर तरी शाबूत दात असावा. तिथं भरलेला सिमेंटचा मसाला असून चालत नाही. एवढाही दात नसेल तर हिरडीची छोटी शस्त्रक्रिया करून तो उघडा करता येतो का, ते बघतात. तेही होत नसेल तर प्रामाणिक डॉक्टर सांगतात, की या दातावर पैसे घालू नका. असं सांगणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका. ते आपला हप्ता वाचवत असतात.

तिसरी गोष्ट, चिकटणं.

घरात फरशी बसवताना गवंडी खाली मसाला सगळीकडे भरतो. कुठं पोकळी राहिली तर फरशीवर टकटक केल्यावर बद्द आवाज येतो, आणि तिथंच वरवंटा पडला की फरशी तडकते. शेजारची भरीव बसलेली फरशी तोच मार सहन करते. सिरॅमिकची कॅप दाताला पूर्ण चिकटली, की ती आणि दात मिळून जोर घेतात. नुसती वर ठेवल्यासारखी राहिली, तर एकट्या सिरॅमिकला सगळं सोसावं लागतं. शंभर वर्षांपूर्वीही पोर्सेलीनच्या कॅपा होत्या, पण त्या साध्या सिमेंटवर बसवत आणि त्या फुटतही खूप.

ही चिकटवण्याची युक्ती कुठून आली ते ऐकून आपल्या भागातल्या बायकांना गंमत वाटेल. कारखान्यात धातूच्या पत्र्याला रंग द्यायच्या आधी आम्ल लावतात, म्हणजे रंग नीट धरतो. तारापूर एमआयडीसीत ज्यांची माणसं कामाला आहेत त्यांनी असल्या कामाबद्दल घरी ऐकलं असेल. अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर नावाचे संशोधक होते. त्यांनी विचार केला, जे पत्र्याला चालतं ते दाताला का चालू नये? त्यांनी दाताच्या कवचाला फॉस्फोरिक आम्ल लावून बघितलं आणि १९५५ साली ते छापून प्रसिद्ध केलं. आम्लानं कवचावर डोळ्यांना न दिसणारे लाखो खड्डे पडतात आणि चिकटद्रव्य त्यात शिरून घट्ट बसतं. पुढे १९८० नंतरच्या काळात सिरॅमिकलाही आतून आम्ल लावून खरखरीत करायची पद्धत आली. आता दोन्हीकडून पकड मिळायला लागली.

पण एक अट आहे. इनॅमलवर ही पकड सगळ्यात चांगली बसते आणि वर्षानुवर्षं राहते. खालच्या पिवळ्या डेंटिनवर ती बसते, पण तिथं ओल असते, त्यामुळे काळाबरोबर ती सैल पडू शकते. म्हणून शहाणा डॉक्टर दात तासताना, विशेषतः कडेला, जमेल तेवढं इनॅमल राखतो. दात तासणं आणि कॅप चिकटणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तासताना कवच उडवून दिलं, तर नंतर कितीही महागाचं चिकटद्रव्य आणलं तरी त्याला धरायला चांगली जागा उरत नाही.

दुसरी अट कोरडेपणाची. आपल्याकडे भिंतीवर चित्रं काढायची असली, की आधी भिंत लिंपतात, गेरू लावतात, ती वाळू देतात, मगच तांदळाचं पांढरं लावतात. ओल्या किंवा धुळीच्या भिंतीवर कुणी पांढरं लावत नाही. दाताचंही तसंच. आम्ल लावून धुतलेल्या दातावर थुंकी लागली, रक्त लागलं, तर सगळी तयारी वाया. म्हणून काही डॉक्टर दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. तोंड उघडं ठेवून अर्धा तास बसणं जड जातं खरं. पण तो पडदा लावला तर कटकट मानू नका. जिथं पडदा बसत नाही तिथं कापूस आणि थुंकी ओढणारी नळी वापरतात. तात्पुरती कॅप लावली असेल तर तिचं सिमेंट पूर्ण खरवडून काढल्याशिवाय पक्की कॅप चिकटवू नये, हेही मॅडमनी सांगितलं.

झिरकोनियाचं थोडं वेगळं आहे. त्याच्यावर हे आम्ल काम करत नाही. त्याला बारीक पावडरचा मारा करून खरखरीत करतात आणि वेगळं द्रव्य लावतात. दाताचा आकार चांगला असेल तर झिरकोनिया साध्या सिमेंटवरही राहतो. म्हणून आपल्या तोंडात कोणतं सिरॅमिक बसणार आहे, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

आता मशेरीबद्दल बोलू. कुणी रागावू नका. आपल्याकडे सकाळी मशेरी लावल्याशिवाय कितीतरी जणींचा दिवस सुरू होत नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. रोज एकाच जागी तंबाखू लागली की हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळाला इनॅमल नसतं, हे मघाशी सांगितलं. मग कॅपची कड मुळावर येते, जिथं पकड कमी आणि कीड लवकर. सुजलेल्या हिरडीतून तासताना रक्त येतं, माप नीट येत नाही, चिकटवताना कोरडं राहत नाही. म्हणून कॅपच्या आधी हिरडी बरी करून घ्यायची, आणि मशेरी सोडायची. तोंडाच्या कॅन्सरसाठी तर ती सोडायचीच आहे. कॅपसाठी सुरुवात झाली तरी चालेल. कोळसा, विटेची पूड, जाडं मीठ यांनी दात घासणंही बंद करा. ते कवच झिजवतात.

आता डॉक्टरांकडे जाताना काय विचारायचं? आमच्या गटांनी पाच प्रश्न ठरवलेत. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

एक, या दाताला पूर्ण कॅपच लागेल का, की कमी तासून भागेल?

दोन, हिरडीच्या वर माझा स्वतःचा दात सगळीकडून पुरेसा आहे का? एक्स-रेवर दाखवता का?

तीन, कॅप कशाची असेल, तिला किती जागा लागते, आणि तासल्यावर तेवढी जागा झाली का?

चार, कॅप चिकटवणार की साध्या सिमेंटवर बसवणार? चिकटवणार असाल तर दात कोरडा कसा ठेवणार?

पाच, फुटली किंवा निघाली तर पुढे काय, आणि बिल मिळेल ना?

हे प्रश्न नम्रपणे विचारा, पण विचारा. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात. आणि आपणही त्यांना खरं सांगायचं. रात्री दात खाण्याची सवय आहे का, सुपारी खाता का, सगळं सांगायचं. वहिनींनी शेवटी हेही कबूल केलं, की कॅप फुटायच्या आदल्या दिवशी चिंबोरीच्या नांग्या त्यांनी त्याच दाढेनं फोडल्या होत्या. पातळ कॅप आज ना उद्या गेलीच असती, पण निमित्त आपण दिलं.

अजून एक. मागच्या दाढेला पांढरीच कॅप पाहिजे असं नाही. तिथं कुणी बघत नाही. धातूच्या कॅपला दात कमी तासावा लागतो, ती फुटत नाही आणि सहसा स्वस्त पडते. समोरच्या दाताला पांढरी हवी, हे समजू शकतो. पण दाढेला पांढरी का हवी, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारा.

पैशाची अडचण असेल तर मुंबईत दोन मोठी ठिकाणं आहेत. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, १९३३ सालापासून चालू असलेलं, आणि सीएसएमटी स्थानकाजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय. तिथं शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च खासगीपेक्षा कमी, पण फेऱ्या जास्त. बोईसर-पालघरहून गाडीनं जाऊन यायला अख्खा दिवस जातो आणि रोज बुडतो, तेही हिशोबात धरा. कुठंही जा, डॉक्टर बीडीएस किंवा एमडीएस आहेत ना आणि दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे ना, ते बघा. बाजारात पेटी उघडून बसणाऱ्याकडून दात बसवून घेऊ नका.

कॅप बसल्यावरही लक्ष ठेवायचं. हिरडीजवळची कड ब्रशनं रोज हलक्या हातानं साफ करायची, वर्षातून एकदा तरी दाखवायची. चावताना दुखलं, वास आला, अन्न अडकायला लागलं, कॅप हलली, तर थांबू नका. निघाली तर डबीत ठेवा आणि दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे जा. घरी फेव्हिक्विकनं चिकटवू नका. ते केलं की पुन्हा नीट बसवता येणारी कॅपही वाया जाते.

वहिनींचं पुढे काय झालं? मॅडमनी दाढ तपासली. नशिबानं कडेचा दात शाबूत होता. वरून मापात तासून, कोपरे गोल करून नवीन कॅप चिकटवली. रबराचा पडदा लावला तेव्हा वहिनी जरा घाबरल्या, पण आमच्यातली एक त्यांचा हात धरून बसली होती. पहिल्या डॉक्टरांकडेही आम्ही गेलो. भांडायला गेलो नव्हतो, तुकडे दाखवायला गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि काही पैसे परत केले. उरलेल्या खर्चासाठी गटानं पुन्हा कर्ज दिलं. नवीन कॅपला वर्ष होत आलं, अजून जागेवर आहे. किती वर्षं राहील ते आम्ही सांगणार नाही. पण आता ती जाड आहे, भरीव बसली आहे, आणि वहिनी चिंबोरी वरवंट्यानं फोडतात.

त्या बैठकीनंतर गटानं एक ठराव केला. दातासाठी कर्ज मिळेल, ते आजारपणाच्या खात्यात लिहिलं जाईल. अट एकच. बाई एकटी जाणार नाही. गटातली एक जण सोबत जाईल आणि दात तासायच्या आधी पाच प्रश्न विचारले जातील. ज्या आजी उपटून टाका म्हणत होत्या, त्यांनीही अंगठा दिला. वर म्हणाल्या, "मला कुणी असं सांगितलं असतं, तर आज भाकर दुधात कुस्करून खावी लागली नसती."

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. किती जणी एका बाजूनं चावतात, नुसतं एवढंच विचारून बघा. पुढच्या वेळी पुन्हा हिशोबाच्या वहीकडे वळू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.